हान काकूंच्या माचीवर

माझ्या बाबांनी घरच्या घरी टीव्ही बनवला, त्या वर्षी आईचं आणि समोरच्या हान काकूंचं बोलणं बंद होतं. कारण म्हणाल तर मासा. नववर्षासाठी आईने खारवून वाळत घातलेला मासा काकूंच्या मांजरीने पळवला. आई अंगणातल्या नळावर तांदूळ धूत होती. सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने ती म्हणाली, "मांजर तरी काय करणार बिचारी? जशी मालकीण तशी ती." हान काकू नेमक्या तेव्हाच जिना उतरत होत्या. त्या दिवसापासून दोघी एकमेकींच्या सावलीलाही उभ्या राहिनात. एक नळावर आली की दुसरी बादली अर्धी भरलेली उचलून चालती व्हायची.

आम्ही चीनमधल्या वूशी शहरात राहायचो, कालव्याकाठच्या एका गल्लीत. मधे अंगण, भोवती पाच-सहा बिऱ्हाडं, नळ एकच. प्रत्येकाच्या दाराबाहेर कोळशाची शेगडी. कुणाच्या पातेल्यात काय शिजतंय ते वासावरून कळायचं आणि कुणाचं कुणाशी बिनसलंय ते बादल्यांच्या आवाजावरून.

बाबांचं नाव ताओ गेनशंग. रेशीम गिरणीत यंत्रं दुरुस्त करायचे. माणूस अबोल, पण हातात पाना आला की गाणं गुणगुणायचा. शांघायहून त्यांच्या एका मित्राने नऊ इंची पडद्याची काच आणून दिली आणि बाबांना वेड लागलं. गिरणीतून आले की ते टेबलाला जे चिकटायचे ते झोपेपर्यंत. टेबलावर तारा, बारीक नळ्या, डाग देण्याच्या शिशाचा वास.

"आज जेवायला काय वाढू?" आई विचारायची. "भात, की तारा परतून देऊ?"

"थोडं बाजूला सरकून वाढ," बाबा मान वर न करता म्हणायचे.

टीव्हीचं लाकडी खोकं त्यांनी आईच्या लग्नातल्या पेटीच्या झाकणातून काढलं. आईला हे कळलं ती थंडीची पांघरुणं काढायला गेली तेव्हा. ती कितीतरी वेळ त्या बिनझाकणाच्या पेटीकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "बरं झालं, मी पेटीत झोपत नाही."

आणि एका संध्याकाळी त्या खोक्यात चित्र उमटलं. बातम्या देणारी बाई होती. चेहरा कोहळ्यासारखा लांबट, खालून वर सरकत जाणारा. सगळं अंगण आमच्या दारात गोळा झालं होतं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बाबांनी एक खुंटी पिळली, बाई जागेवर स्थिर झाली, आणि बाबा चष्मा काढून पुसत बसले. पुसून झाला तरी पुसतच राहिले.

त्यानंतर रोज संध्याकाळी आमच्या खोलीपुढे स्टुलं लागू लागली. लहान मुलं पुढे, म्हातारे मधे, गडी माणसं मागे उभी. पडदा वहीएवढा, म्हणून बाबांनी त्यापुढे एक मोठं भिंग बसवलं. त्यावर कुणीतरी रंगीत प्लास्टिकचा कागद आणून चिकटवला, वर निळा, मधे तांबूस, खाली हिरवा. म्हणजे रंगीत टीव्ही झाला! टीव्हीतल्या सगळ्या माणसांची कपाळं निळी आणि पाय हिरवे. आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. लोक सूर्यफुलाच्या बिया सोलत बघायचे आणि सकाळी आई सुपलीभर टरफलं गोळा करायची. कुरकुरायची, पण मी तिला एकदाही कुणाला "आज येऊ नका" म्हणताना ऐकलं नाही.

हान काकूंच्या घरचं मात्र कुणी यायचं नाही. हान काका कालव्यावरच्या मालवाहू बोटीवर असायचे, महिन्यातून क्वचित घरी. काकू टोफूच्या दुकानात पहाटेपासून राबायच्या. त्यांची मुलगी छुईपिंग माझ्याच वर्गात होती. शाळेत आम्ही दोघी एका बाकावर, पण अंगणात शिरलो की अनोळखी. संध्याकाळी टीव्ही सुरू झाला की वरच्या मजल्यावरच्या त्यांच्या खिडकीत तिचं डोकं दिसायचं.

बाबांनी टेबल हळूहळू वळवायला सुरुवात केली. रोज थोडं थोडं. शेवटी डावीकडे बसणाऱ्यांच्या माना दुखायला लागल्या.

आई म्हणाली, "टीव्ही तिरका का ठेवलाय?"

"काचेवर उजेड येतो."

"सूर्य बुडाल्यावर कुठला उजेड?"

बाबांनी चष्मा पुसायला घेतला. आईने एकदा त्या खिडकीकडे पाहिलं आणि विषय सोडून दिला. दुसऱ्या दिवशीपासून अंगणातल्या दोरीवरची चादर ती दिवे लागायच्या आत काढू लागली. ती चादर नेमकी त्या खिडकीच्या आड यायची.

थंडी पडायला लागली आणि जपानविरुद्धचा महिलांचा व्हॉलीबॉलचा सामना आला. आज सांगून कुणाला खरं वाटणार नाही, पण त्या दिवसांत गल्लीतल्या आज्यांनाही खेळाडूंच्या पाठीवरचे आकडे पाठ होते. गिरणीत, शाळेत, भाजीच्या रांगेत दुसरा विषय नव्हता. आमच्या अंगणात त्या दिवशी शेजारच्या गल्लीतलेही लोक स्टुलं घेऊन आले. कुणी कोळशाच्या ढिगावर बसलं, कुणी नळाच्या कट्ट्यावर.

आणि दुपारपासून वारा सुटलेला.

सामना सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल, छपरावर काहीतरी कडाडलं. आमच्या अँटेनाचा बांबू मोडून खाली आला. पडद्यावर नुसता बर्फ पडायला लागला. अंगणभर एकच हाय उठली.

"ताओ मिस्त्री, काहीतरी करा!"

"अहो, आपण पुढे होतो!"

बाबांनी बांबू उचलला. वरच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या वाकल्या होत्या पण तुटल्या नव्हत्या. त्यांनी छपराकडे पाहिलं, मग समोर पाहिलं. हान काकूंच्या घरावर कपडे वाळत घालायची लाकडी माची होती. अंगणातली सगळ्यात उंच जागा तीच. हे सगळ्यांना कळत होतं. सगळे आईकडे बघायला लागले.

आईने ओल्या हातांनी केस मागे सारले. "मी जाते," ती म्हणाली आणि बाबांच्या हातातून तो लांबलचक बांबू घेऊन निघाली. मी मागोमाग गेले. तिने मला हाकललं नाही.

काकूंनी दार उघडलं. आईच्या हातात तिच्या दुप्पट उंचीचा बांबू.

"मांजरीच्या घरी काय काम काढलंत?" काकू म्हणाल्या.

आई लाल झाली. "वहिनी, तेवढी माची हवी होती. सामना संपेपर्यंत."

"माचीवर बांबू बांधायला काही नाही. कठडाच कुजलाय. वाऱ्यात टिकायचा नाही."

"मग मी धरून उभी राहते."

काकूंनी आईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. आई तेव्हा अगदी काडीपैलवान. "तुम्ही? तुम्ही बांबूसकट उडून कालव्यात पडाल. मग तुमचे मिस्त्री मला बोल लावतील." त्यांनी बांबू हिसकावून घेतला. "आणा इकडे. दिवसभर घमेली उचलते मी. माझे दंड काही टोफूचे नाहीत." आणि आत वळून ओरडल्या, "छुईपिंग! खिडकीत काय लोंबकळतेस? जा खाली, नीट समोर बसून बघ."

छुईपिंग चप्पल न घालताच पळाली.

माचीवरून अंगणातला आवाज नीट पोचेना. वारा शब्द उडवून न्यायचा. म्हणून आई मधल्या जिन्यात उभी राहिली. तिथून ना टीव्ही दिसायचा, ना आकाश. बाबा टीव्हीपाशी बसून सांगायचे, कुणीतरी ते दारातून ओरडायचं, आणि आई तोंड वर करून ते काकूंना पोचवायची.

"डावीकडे!"

"डावीकडे, वहिनी!"

"अजून थोडं! बस्स! पुढे गेलं, मागे या!"

"मागे! मागे! अहो, तुमच्या डावीकडे नाही, माझ्या डावीकडे!"

"तुमची डावी कुठली ते मला माचीवरून कसं दिसणार, बाई?" वरून आवाज आला.

अंगण हसलं. चित्र आलं. मी आणि छुईपिंग एकाच स्टुलावर अर्ध्या अर्ध्या बसलो होतो.

आपण पहिले दोन सेट जिंकले होते. मग पुढचे दोन गेले. शेवटचा सेट लागला तेव्हा अंगणात कुणी बिया सोलत नव्हतं. प्रत्येक गुण जिन्यातून वर जायचा. "आपला!" आई ओरडायची. मग, "त्यांचा." मग पुन्हा, "आपला! वहिनी, आपला!" मी वळून पाहिलं तर आईने जिन्याचा कठडा दोन्ही हातांनी आवळून धरला होता, जणू तोच बांबू. मधेच चित्र थरथरलं तेव्हा ती ओरडली, "वहिनी, हात भरून आले का? येऊ मी?"

"तोंड बंद ठेव आणि गुण सांग!" काकू वरून म्हणाल्या. अहोजाहो कुठल्या कुठे उडून गेलं.

शेवटचा चेंडू पडला आणि अंगण फुटलं. कुणी पातेली बडवली, कुणी फटाके काढले. रडणाऱ्यांत म्हातारी माणसंही होती. या गडबडीत आई जिन्यात नव्हती. मी वर गेले. माचीवर काकू अजून बांबू धरूनच उभ्या होत्या. त्यांची बोटं मिटलेलीच राहिली होती, उघडतच नव्हती. आई एकेक बोट सोडवत होती. मग तिने ते दोन्ही हात आपल्या कापूस भरलेल्या जाकिटाच्या आत, पोटाशी धरले.

"जिंकलो ना पण?" काकूंनी विचारलं.

"जिंकलो म्हणे," आई म्हणाली. "मी तरी कुठे पाहिलं?"

दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसल्या की माची हलायला लागली आणि बाबा खालून ओरडले, "उतरा आता, नाहीतर दोघीही खाली याल!"

त्यानंतरची चार-पाच वर्षं माझ्या आठवणीतली सगळ्यात चांगली. काकू दुकानातून गरम टोफूचं पातेलं आणायच्या, आई त्यावर सोयाचा रस आणि पातीचा कांदा घालायची. दिवसा दोन्ही घरांची दारं उघडीच असायची. छुईपिंगची झोप आमच्याकडे आणि माझा अभ्यास त्यांच्याकडे. मांजर म्हातारी झाली आणि आमच्याच शेगडीपाशी मेली. आईने तिला अंगणातल्या झाडाखाली पुरलं.

मग हान काकांनी बोटीवरून एक दिवस रंगीत टीव्ही आणला. मोठा, खराखुरा, कारखान्यातला. त्यातल्या माणसांची कपाळं कपाळाच्या रंगाची होती.

त्या संध्याकाळी बाबांनी नेहमीसारखी आमची स्टुलं बाहेर मांडली. टीव्ही लावला. भिंग पुसलं. समोरच्या खिडकीतून रंगीत उजेड आणि हसण्याचे आवाज येत होते. बाबा त्या रिकाम्या स्टुलांच्या मागे हाताची घडी घालून उभे राहिले. आईने मला डोळ्यांनीच दटावलं, बोलू नकोस म्हणून. बऱ्याच वेळाने खिडकीतून हान काकांनी हाक मारली, "ताओ मिस्त्री! अहो, याचा आवाज घोगरा येतोय. जरा बघता का?"

बाबांनी आपला टीव्ही बंद केला, पाना खिशात टाकला आणि एक स्टूल उचलून समोर गेले. आवाज अगदी ठणठणीत होता, हे मला नंतर छुईपिंगने सांगितलं. काकांनी त्यांना सगळ्यात पुढची जागा दिली.

काही वर्षांत प्रत्येक बिऱ्हाडात टीव्ही आला. मग कुणी कुणाकडे स्टूल घेऊन जाईना. बाबांनी एका रविवारी आपला टीव्ही स्वतःच खोलला. उपयोगाचे भाग शेजारच्या शाळेतल्या मुलांना दिले, भिंग एका आजीला वर्तमानपत्र वाचायला. पेटीला झाकण मात्र परत मिळालं नाही. पुढे गल्ली पाडायची ठरली. नळ, जिना, माची सगळं गेलं. लोक शहरभर पांगले. हान काका वारल्यावर काकू छुईपिंगकडे नानजिंगला गेल्या. त्यानंतर बाबाही वारले.

आई आता माझ्याकडे असते, वूशीतच, एकोणिसाव्या मजल्यावर. माझा नवरा कामानिमित्त दक्षिणेत, मुलगा त्याच्याही पलीकडे. मी औषधाच्या दुकानातून निवृत्त झाले. आमच्या मजल्यावर समोर कोण राहतं ते मला त्यांच्या दारावर येणाऱ्या पार्सलांवरून माहीत आहे. बाई मांजरीचं खाणं मागवते. तिचा चेहरा मी लिफ्टमध्ये एकदाच पाहिला, तोही मोबाईलच्या उजेडात.

आई आणि काकू रोज संध्याकाळी व्हिडिओवर बोलायच्या. फोन समोर वाटीला टेकवून दोघी जेवायच्या. आईच्या फोनमध्ये काकूंचं अर्धं कपाळ आणि उरलेलं छत.

"यूशिएन, तुझ्या छताला ओल आलीय बघ," आई सांगायची.

"तू माझं छत बघायला फोन करतेस का गं शिंगदी? पानात काय आहे ते दाखव. एवढुसा भात? पोरगी उपाशी ठेवते वाटतं."

"काकू, मी ऐकतेय बरं का," मी म्हणायचे.

"ऐकावं म्हणूनच बोलले!"

या शरद ऋतूत एके संध्याकाळी फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. आईने भात झाकून ठेवला. चार दिवस तसेच गेले, मग छुईपिंगचा निरोप आला. काकू न्हाणीघरात घसरल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया होऊन त्या घरीही आल्या होत्या, घाबरण्यासारखं काही नव्हतं.

आईने निरोप ऐकला आणि कपाटातून पिशवी काढली.

"आई, आता सगळं ठीक आहे म्हणतेय ती. व्हिडिओ लावून देऊ का?"

"व्हिडिओवर हात हातात घेता येतो का?" आई म्हणाली. "तिकीट काढ."

वेगवान गाडीने नानजिंग किती जवळ आलंय! आईने डबा उघडून चहात उकडलेलं अंडं सोलेपर्यंत निम्मा रस्ता संपला होता. ती सारखी म्हणत राहिली, "एवढंच अंतर? एवढंच होतं?" मला खिडकीबाहेर बघावं लागलं. इतकी वर्षं मी तिला फोन लावून देत होते, गाडीत बसवलं नव्हतं.

छुईपिंगच्या वसाहतीच्या फाटकावर चेहरा ओळखणारं यंत्र होतं. आई त्यापुढे उभी राहिली, टोपी काढली, केस नीट केले, हसलीसुद्धा. "ओळख पटली नाही," यंत्र म्हणालं. आईने पुन्हा हसून पाहिलं. "ओळख पटली नाही."

"मला इथलं माणूस ओळखतं, तू कोण?" आई त्या यंत्राला म्हणाली. पहारेकरी हसत बाहेर आला. "आजी, कोणाकडे?"

"माझ्या शेजारणीकडे," आई म्हणाली.

काकू खिडकीपाशी पलंगावर टेकून बसल्या होत्या. किती लहान दिसत होत्या! ते दंड कुठे गेले कोण जाणे. आई दारातच थबकली. काकूंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"फोनमध्ये तू जाड दिसतेस," त्या म्हणाल्या.

"आणि तू फोनमध्ये दिसतच नाहीस, नुसतं छत," आई म्हणाली, आणि जाऊन पलंगाच्या कडेला बसली. आईने पिशवीतून गव्हाच्या तळलेल्या पोकळ गोळ्यांची पुडी काढली, वूशीची, काकूंना आवडणारी, आणि ती त्यांच्या मांडीवर ठेवली. काकू पुडीच्या दोरीशी चाळा करत रडल्या.

स्वयंपाकघरात छुईपिंग माझ्यासाठी खारं बदक कापत होती. तिचे केस माझ्यापेक्षा जास्त पांढरे झालेत. "तुला माहितीय," ती म्हणाली, "मागे मी नेटवर तो जुना सामना शोधून काढला. मोठ्या टीव्हीवर लावला. म्हटलं आईने एवढी बोटं गोठवली, एकदा बघू तरी दे."

"मग?"

"थोडा वेळ बघितला. मग म्हणाली, चांगल्या खेळतात मुली, पण मधे शिंगदी ओरडत नाही, त्यामुळे काही कळत नाही. बंद कर."

आम्ही सुरी खाली ठेवून हसलो. हसता हसता छुईपिंगने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. शाळेत टेकायची तसंच.

आम्ही दोन दिवसांसाठी गेलो होतो. परतायच्या सकाळी मी पिशवी भरायला घेतली तर आईची पिशवी कपाटात होती, कपडे घडी करून खणात.

"काकूला चालायचं शिकवायचंय," आई म्हणाली. "ही पोरगी दिवसभर कामावर असते. मदतनीस बाई येते ती तिला ओरडत नाही. आणि ओरडल्याशिवाय यूशिएन ऐकणारी नव्हे."

"किती दिवस, आई?"

"चालेपर्यंत."

पलंगावरून काकू म्हणाल्या, "मी काही घाई करणार नाही बरं का, फेन."

मी छुईपिंगकडे पाहिलं. ती म्हणाली, "राहू दे गं. परवापासून आई जेवतेय तरी."

मी एकटीच परत आले. घरात शिरल्यावर सवयीने दोन माणसांचा तांदूळ घेतला आणि मग अर्धा परत डब्यात टाकला. त्या संध्याकाळी मी जेवण घेऊन बसले तेव्हा आईचा आवाजी निरोप आला.

"फेन, रविवारी येऊ नकोस. छुईपिंगच्या नवऱ्याने तळ्यातले खेकडे सांगून ठेवलेत, मोजकेच आहेत, तू आलीस तर वाटे करावे लागतील. त्याच्या पुढच्या रविवारी ये. आज ही पलंगापासून दारापर्यंत गेली आणि दोनदा मला शिव्या दिल्या, म्हणजे सुधारतेय. येताना माझी जाड चप्पल आण. नको, राहू दे, इथे बाजार जवळ आहे, आम्ही उद्या… अगं, हो, सांगते तिला. ही म्हणते समोरच्या बाईशी बोललीस का? ती मांजरवाली. म्हणते, तिला म्हणावं…"

तिथे निरोपाची मिनिटभराची वेळ संपली होती. पुढचा काही आला नाही. दोघी बहुधा जेवायला बसल्या असाव्यात.